संघ तालिका आणि ग्रंथालयांचे राष्ट्रीय जाळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवघेवीच्या टेबलापलीकडून वाचक जे विचारतात आणि नव्याने जाळ्यात आलेले ग्रंथपाल फोन करून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींना एक ओळ पुरली, काहींना पान लागले.

राष्ट्रीय जाळे म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयच ना?

नाही. राष्ट्रीय ग्रंथालय हा एक संग्रह असतो. जाळे हा अनेक संग्रहांमधला करार असतो: तुमच्याकडे काय आहे ते आम्हाला दिसू द्या, आमच्याकडचे तुम्हाला दाखवतो, आणि अडल्यानडल्याला एकमेकांना देऊ. हा करार चालवणारी संस्था देशागणिक वेगळी. स्वीडनची 'लिब्रिस' ही संघ तालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांतल्या पुस्तकांची एकत्र यादी, तिथले राष्ट्रीय ग्रंथालयच चालवते. फ्रान्समध्ये विद्यापीठांची 'सुडॉक' ही तालिका मॉन्पेलिए शहरातली 'आबेस' नावाची स्वतंत्र संस्था सांभाळते. जपानमध्ये हे काम राष्ट्रीय माहितीशास्त्र संस्थेकडे आहे.

भारतात एकच एक जाळे नाही. विद्यापीठांसाठी गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' आहे. १९९१ मध्ये ते पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाले आणि १९९६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र केंद्र बनले. 'डेलनेट' १९८८ मध्ये दिल्लीतल्या ग्रंथालयांसाठी निघाले आणि १९९२ मध्ये नोंदणीकृत संस्था झाले. त्याच्या नावातला 'डे' आधी दिल्लीचा होता. सभासद दिल्लीबाहेर पसरले तसा तो 'डेव्हलपिंग'चा झाला. दोन्हींचा भर उच्च शिक्षणावर. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये अजून बरीचशी काठावरच उभी आहेत, आणि ते मला खटकते.

जाळ्यात नेमके काय वाटले जाते? पुस्तके?

पुस्तके नंतर. सर्वांत आधी वाटली जाते ती मेहनत. एका पुस्तकाची नोंद नीट करायची तर लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, पृष्ठसंख्या, वर्गांक, विषयशीर्षके असे सगळे पाहावे लागते. सराव असलेल्या माणसालाही अवघड पुस्तकाला अर्धा तास सहज लागतो. तेच पुस्तक दोनशे ग्रंथालयांनी घेतले आणि प्रत्येकाने तोच अर्धा तास घालवला, तर तो निव्वळ अपव्यय. जाळ्यात पहिल्याने नोंद करायची आणि बाकीच्यांनी ती उचलून 'आमच्याकडेही एक प्रत आहे' एवढे जोडायचे. अनेक ग्रंथालयांच्या अशा एकत्र नोंदी म्हणजे संघ तालिका. कोणाकडे काय आहे हे दिसू लागले की प्रतींची देवघेव आपोआप सुचते, आणि मग खर्चिक नियतकालिके मिळून विकत घेण्याची गोष्ट निघते.

ही कल्पना संगणकाबरोबर आली का?

संगणकाच्या शंभर वर्षे आधी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स ज्यूएट यांनी १८५०च्या सुमारास सुचवले की प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचा एक स्वतंत्र छपाईचा ठसा करून ठेवावा. ज्या ग्रंथालयाकडे ते पुस्तक आहे, त्याच्या तालिकेत तोच ठसा पुन्हा वापरायचा. ठसे मातीच्या मिश्रणाचे होते, ते वाकले, आणि टवाळांनी या योजनेला 'चिखलाची तालिका' म्हटले. योजना बुडाली, पण विचार बरोबर होता.

१९०१ पासून अमेरिकेचे लायब्ररी ऑफ काँग्रेस छापील तालिकापत्रे (एका कार्डावर एका पुस्तकाची नोंद) इतर ग्रंथालयांना विकू लागले. पुढे अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे १९५६ पूर्वीचे काय काय आहे याची संघ तालिका पुस्तकरूपाने छापली गेली: १९६८ ते १९८१ या काळात ७५४ खंड. ती ठेवायलाच एक दालन लागे, आणि खंड छापून हातात येईपर्यंत त्यातली माहिती शिळी होत असे.

संगणकावरची खरी सुरुवात ओहायो राज्यात झाली. तिथल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये 'ओसीएलसी' ही संस्था काढली, फ्रेडरिक किलगोर तिचे पहिले संचालक. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पहिल्यांदा थेट जोडणीवरून सामायिक तालिकेत काम केले. त्या दिवशी १३३ पुस्तके झाली. गंमत अशी की ही यंत्रणा पुढे अनेक वर्षे संगणकावरून कागदी तालिकापत्रेच छापून पाठवत होती. शेवटची पत्रे १ ऑक्टोबर २०१५ रोजी निघाली.

संगणकाला कसे कळते की लेखक कुठला आणि शीर्षक कुठले?

अंकांवरून. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकात हेन्रिएट अव्रम यांनी 'मार्क' हा नोंदींचा आराखडा घडवला. त्यात नोंदीच्या प्रत्येक भागाला, म्हणजे क्षेत्राला, एक क्रमांक असतो. त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या, आणि तालिकापत्रावरचा प्रत्येक ठिपका कशासाठी आहे हे त्यांनी विचारून विचारून समजून घेतले. आजही १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ०२० म्हणजे आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), ६५० म्हणजे विषय. तालिकाकार आपसात बोलताना 'तुमचा दोनशे पंचेचाळीस चुकलाय' असेच म्हणतात.

एका ग्रंथालयाच्या संगणकावरून दुसऱ्याच्या तालिकेत शोध घेऊन नोंद उतरवून घेण्यासाठी 'झेड ३९.५०' हा संकेत वापरतात. मार्क आता म्हातारा झाला आहे असे सगळेच म्हणतात. नोंदींऐवजी एकमेकांशी जोडलेली विधाने ठेवणारा 'बिबफ्रेम' हा आराखडा त्याच्या जागी येऊ घातला आहे. स्वीडनने २०१८ मध्ये आपली लिब्रिस त्यावर हलवलीही. बाकीचे बरेच जण अजून वाट पाहत आहेत, कारण कोट्यवधी जुन्या नोंदी हलवायच्या आहेत.

एकच पुस्तक संघ तालिकेत चार वेळा का दिसते?

कारण चार माणसांनी ते चार प्रकारे पाहिले. एकाने पृष्ठे '१६, २४०' लिहिली, दुसऱ्याने प्रस्तावनेची पाने सोडून '२४०'. एकाने पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती मानले. एकाने मुखपृष्ठावरचे शीर्षक घेतले, दुसऱ्याने शीर्षकपानावरचे, आणि दोन्हींत फरक होता. एकाने वर्ष 'शके १८४५' तसेच ठेवले, दुसऱ्याने १९२३ केले.

यंत्र जुळवाजुळव करते ती मुख्यतः आयएसबीएनवरून. पण ही पद्धत १९७०ची. त्याआधीच्या पुस्तकांना हा क्रमांकच नाही, आणि नंतरच्याही कित्येक छोट्या प्रकाशकांनी तो घेतला नाही. काहींनी तर एकच क्रमांक दोन पुस्तकांना चिकटवला आहे. भरीला १ जानेवारी २००७ पासून दहा अंकांचा क्रमांक तेरा अंकांचा झाला. अशा वेळी यंत्र शीर्षक, लेखक, वर्ष, पृष्ठे यांची तुलना करून अंदाज बांधते.

दोन नोंदी एकत्र करायच्या की नाही, यात चूक दोन्हीकडून होते. पण एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी राहिल्या तर वाचकाला फक्त जास्त स्क्रोल करावे लागते. दोन वेगळ्या आवृत्त्या चुकून एक झाल्या, तर संशोधकाला हवी असलेली पहिली आवृत्ती तालिकेतून पुसली जाते आणि पुन्हा वेगळी करायला हातात दोन्ही प्रती घ्याव्या लागतात. म्हणून शंका असेल तिथे वेगळे ठेवावे, असे माझे मत.

मराठी शीर्षक टाकले की काहीच सापडत नाही. पुस्तक तर आहे. असे का?

या प्रश्नाला पाच उत्तरे आहेत, आणि बहुतेक वेळा त्यातली दोन-तीन एकत्र लागू पडतात.

पहिले, नोंद रोमन लिपीत असेल. जुन्या यंत्रणांना देवनागरी येतच नव्हती, म्हणून लिप्यंतर करून नोंदी केल्या. त्यातही 'ज्ञ' कोणी जे-एन असा लिहितो, कोणी डी-एन-वाय असा. ग्रंथालयांच्या लिप्यंतरात शब्दाच्या शेवटचा अ-कारही लिहितात, त्यामुळे बोलण्यातले 'ज्ञानेश्वर' रोमनमध्ये 'ज्ञानेश्वरा'सारखे दिसते. मार्कमध्ये मूळ लिपीसाठी ८८० हे क्षेत्र आहे. दोन्ही रूपे शेजारी ठेवता येतात, पण ते भरायला मूळ लिपी वाचणारा माणूस लागतो.

दुसरे, शुद्धलेखन. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या शीर्षकपानावर 'कांहीं' आहे, आणि तालिकाकाराने शीर्षकपान जसेच्या तसे उतरवायचे असते. तुम्ही 'काही' टाकता, यंत्र म्हणते नाही.

तिसरे सर्वांत छळवादी. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकाच्या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतावलीत) दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, जोवर कोणी दोन्ही एक मानायचा नियम त्यात घालत नाही. एका शीर्षकासाठी मी स्वतः दुपारभर डोके धरून बसलो होतो, आणि ते पुस्तक पाठीमागच्या कपाटात होते.

चौथे, युनिकोड येण्याआधी एखाद्या विशिष्ट फाँटमध्ये भरलेली माहिती. फाँट गेला की उरतात निरर्थक चिन्हे. आणि पाचवे, साधी टंकनातली चूक.

तात्पुरता उपाय: शीर्षकातला जोडाक्षर आणि अनुस्वार नसलेला एकच शब्द टाका, सोबत लेखकाचे आडनाव. बऱ्याचदा तेवढ्याने काम होते.

लेखकाचे टोपणनाव असेल तर कोणत्या नावाखाली शोधायचे?

कोणत्याही, निदान तसे असायला हवे. वि. वा. शिरवाडकर कविता 'कुसुमाग्रज' या नावाने लिहीत, नाटके स्वतःच्या नावाने. एका तालिकेत 'शिरवाडकर, वि. वा.', दुसरीत 'शिरवाडकर, विष्णु वामन', तिसरीत 'कुसुमाग्रज' असेल आणि त्यांना जोडणारे काही नसेल, तर वाचकापुढे तीन लेखक उभे राहतात. म्हणून प्राधिकृत नोंदी ठेवतात. त्यात एक रूप मुख्य मानून बाकीची त्याला बांधलेली असतात. अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नोंदी एकत्र जोडणारी 'व्हायफ' ही आंतरराष्ट्रीय यादी आहे. भारतीय भाषांतल्या लेखकांचे काम तिथे बरेच बाकी आहे.

संघ तालिका म्हणते पुस्तक अमुक ग्रंथालयात आहे, तिथे फोन केला तर म्हणतात नाही. खरे कोणाचे?

फोनवरच्या माणसाचे, जर तो कपाटापर्यंत जाऊन आला असेल तर.

संघ तालिकेला कपाट दिसत नाही. तिला फक्त ग्रंथालयाने कळवलेले दिसते. पुस्तक आले तेव्हा ग्रंथालयाने कळवले, कारण नवीन पुस्तकांची यादी पाठवायचा उत्साह असतो. ते वाळवीने खाल्ले, सभासदाने हरवले, जीर्ण म्हणून बाद केले, हे कळवायचा उत्साह कोणालाच नसतो. साठा पडताळणी पाच-सात वर्षांत एकदा होते. गहाळ पुस्तके नोंदवहीत लाल शाईने लिहिली जातात आणि लाल शाई वहीतच राहते. वर्षे जातात तशी संघ तालिकेत, प्रत्यक्षात कपाटात नसलेल्या पुस्तकांची गर्दी वाढते. एखादे दुर्मीळ पुस्तक पाच ठिकाणी दाखवते म्हणून एक ग्रंथालय आपली प्रत निर्धास्तपणे बाद करते, आणि मग कळते की उरलेल्या चार नोंदींपैकी एकाही पुस्तकाचा पत्ता नाही.

जाळ्याच्या बैठकांत सर्व्हर आणि सॉफ्टवेअरवर तास जातात, पण माझ्या अनुभवात जाळे टिकते किंवा मोडते ते इथे, 'ही प्रत आता नाही' एवढे महिन्याच्या महिन्याला कोण कळवतो यावर. सभासद करून घेताना नव्या नोंदींची संख्या विचारतात. कमी केलेल्या नोंदींची विचारायला हवी. वर्षभरात एकही नोंद काढली नाही असे सांगणाऱ्या ग्रंथालयाच्या यादीवर माझा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या ग्रंथालयातले पुस्तक मला घरी नेता येईल का?

याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. तुम्ही थेट त्या ग्रंथालयाकडे मागत नाही. तुमचे ग्रंथालय मागते आणि परतीची जबाबदारीही तेच घेते. मागणी आधी एका ग्रंथालयाकडे जाते, ते नाही म्हणाले तर यादीतल्या पुढच्याकडे. पुस्तक आले की देणाऱ्याच्या अटी लागू होतात, आणि अट बहुधा 'ग्रंथालयातच बसून वाचावे' अशी असते. घरी न्यायला मिळाले तर मुदत छोटी असते, कारण प्रवासाचे दिवस त्यातूनच जातात.

मागणी करताना शीर्षक, लेखक, वर्ष आणि आवृत्ती द्या. नियतकालिकातला लेख हवा असेल तर खंड, अंक आणि पृष्ठेही. 'तो निळ्या मुखपृष्ठाचा अंक' अशी मागणी आजवर मी तरी पुरी करू शकलेलो नाही.

काय मिळत नाही?

संदर्भग्रंथ, हस्तलिखिते, दुर्मीळ पुस्तके, नुकतीच आलेली मागणीची पुस्तके आणि बांधीव नियतकालिकांचे खंड.

टपालखर्च कोण देतो?

सहसा मागणारे ग्रंथालय. ते तो खर्च वाचकाकडून घेते की स्वतः सोसते, हा त्याचा प्रश्न. देशाबाहेरून मागवताना खरी अडचण पैशापेक्षा पैसे पाठवण्याची असते: बँकेचे शुल्क लेखाच्या किमतीहून जास्त होते. यावर ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९५ मध्ये व्हाउचरची पद्धत काढली. प्लास्टिकचे ठरावीक किमतीचे व्हाउचर टपालाने पाठवायचे, आणि मिळवणाऱ्याने तेच पुढे आपल्या मागणीसाठी वापरायचे. नोटेसारखे हातोहात फिरणारे हे व्हाउचर मला आजही फार हुशारीचे वाटते.

सगळी पुस्तके एका जागी ठेवून तिथूनच का पाठवत नाहीत?

इंग्लंडने तेही करून पाहिले. यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाजवळ, युद्धकाळातल्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर, डोनाल्ड अर्कहार्ट यांनी फक्त उसने देण्यासाठी एक राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालय उभे केले. १९६२ पासून ते पूर्णपणे चालू झाले आणि पुढे ब्रिटिश लायब्ररीत सामील झाले. तिथे नियतकालिके शीर्षकाच्या वर्णानुक्रमाने रचली होती, त्यामुळे मागणी आली की थेट मांडणीकडे जायचे. संघ तालिकेत शोधा, चार ठिकाणी विचारा, वाट पाहा, हा सगळा फेराच टळला. विज्ञानाच्या लेखांसाठी ही पद्धत फार जलद ठरली. पण तिला सरकारचा मोठा आणि अखंड पैसा लागतो, आणि जी पुस्तके आधीच देशभर विखुरलेली आहेत त्यांचे काय, हे उरतेच.

पुस्तक पाठवण्याऐवजी स्कॅन करून का देत नाहीत?

लेख देतात. पूर्ण पुस्तकाला स्वामित्वहक्क आडवा येतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे, भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकते. अमेरिकेत एक पाचाचा दंडक आहे: एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांतून एका ग्रंथालयाने वर्षात पाचच लेखांच्या प्रती मागवाव्यात. सहाव्यापासून स्वामित्वशुल्क भरा किंवा वर्गणी घ्या.

कपाटातली छापील प्रत बंद ठेवून तिच्या बदल्यात एका वेळी एकालाच स्कॅन द्यायचा, असा मार्ग अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने काढला होता. प्रकाशक न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल अर्काइव्हच्या विरोधात गेला.

ई-बुके तरी एकमेकांना देता येतात ना?

उलट ती देणे जास्त अवघड. छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असते. ई-बुक परवान्यावर असते, आणि परवान्यात लिहिलेले नसेल तर शेजारच्या ग्रंथालयाला ते देता येत नाही. करारावर सही करण्याआधी देवघेवीचे कलम वाचा. ते नसेल तर घालायला सांगा. विचारले तर कधीकधी घालतातही.

'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना म्हणजे असेच जाळे का?

अर्धवट. तीत तालिका किंवा पुस्तके वाटली जात नाहीत. खरेदी एकत्र होते. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके भारतातल्या ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची, आणि समन्वय इन्फ्लिबनेटचा. छोट्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाला याचा मोठा फायदा आहे. पण वर्गणी थांबली की दार बंद, हे विसरू नये. कपाटातला बांधीव खंड असा निघून जात नाही.

आमचे ग्रंथालय लहान आहे. सहभागी होण्यासाठी सुरुवात कुठून करायची?

दाखल नोंदवहीपासून, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिण्याच्या वहीपासून. सॉफ्टवेअर नंतर. वही आणि कपाट आधी जुळवा, नाहीतर जी पुस्तके नाहीत त्यांच्याही नोंदी मेहनतीने संगणकात भराल. मग मार्कमध्ये नोंदी बाहेर देणारे आणि आत घेणारे सॉफ्टवेअर निवडा. ही क्षमता नसलेले फुकट मिळाले तरी घेऊ नका. इन्फ्लिबनेटचे 'सोल' आहे, आणि मुक्त स्रोताचे 'कोहा' आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासाने १९९९ मध्ये करवून घेतले, कारण त्यांची जुनी यंत्रणा सन २०००ची तारीख ओळखणार नव्हती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

जुनी पुस्तके भरताना सर्व काही पहिल्या दिवसापासून भरू नका. जी इतरांकडे सहसा नाहीत ती आधी घ्या: स्थानिक प्रकाशने, स्मरणिका, जुनी मासिके. लोकप्रिय कादंबऱ्यांच्या नोंदी कोणीतरी केलेल्या असतातच, त्या उचला.

आमचीच चांगली पुस्तके सगळे मागतील, आम्हाला काय मिळणार?

ही भीती प्रत्येक संचालक मंडळात एकदा तरी व्यक्त होते. मोठी ग्रंथालये घेतात त्यापेक्षा जास्त देतात, हे खरे. म्हणून काही जाळी देणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे ठरावीक रक्कम भरून देतात. लहान ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र उलटेच घडते. मागण्या इतक्या कमी येतात की पहिली आली तेव्हा आमच्याकडे पाकिटाला लावायला योग्य आकाराचा कागदही नव्हता.

मी काय वाचतो हे जाळ्यातल्या सगळ्यांना दिसते का?

दिसू नये. मागणीवर ग्रंथालयाचे नाव जाते, तुमचे नाही. तुमचे ग्रंथालय नाव पुढे पाठवत असेल तर का, असे विचारा.

तालिकेत चुकीची नोंद दिसली तर कोणाला सांगू?

ज्या ग्रंथालयाची प्रत आहे त्याला. शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. 'तुमची नोंद चुकली आहे' या फोनपेक्षा ते दोन फोटो तालिकाकाराच्या जास्त उपयोगी पडतात.